ब्लॅकचा बी मोठा, व्हाइटचा डब्ल्यू छोटा: इंग्रजीत लिहिताना काय पाळायचं?

प्रश्न थोडक्यात असा. दलित पँथर आणि अमेरिकेतली ब्लॅक पँथर पार्टी यांच्या तुलनेवर तुम्ही इंग्रजीत शोधनिबंध लिहिलात. नियतकालिकाकडून तो तपासून परत आला तेव्हा 'ब्लॅक'चा बी बहुतेक ठिकाणी मोठा झाला होता, काही ठिकाणी मात्र छोटाच राहिला होता. 'व्हाइट'चा डब्ल्यू सगळीकडे छोटा. 'दलित'चा डी मोठा, 'सवर्ण'चा एस छोटा, 'आदिवासी' एकदा असा नि एकदा तसा. समासात संपादकांचा शेरा: तुमची पद्धत काय ते कळवा. तुम्ही विचारताय की यात नियम कोणता, आणि काळ्यांना मोठं अक्षर नि गोऱ्यांना छोटं हा उलटा पक्षपात तर नाही ना.

मी इंग्रजी हस्तलिखितांचं संपादन करते. त्यातली बरीच मराठी माणसांनी लिहिलेली असतात आणि हा गोंधळ त्यांत हमखास सापडतो. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नाहीच. शाळेत आपण पहिली लिपी, दुसरी लिपी गिरवतो, वाक्याच्या सुरुवातीला आणि नावाला कॅपिटल एवढं शिकतो, आणि पुढे आयुष्यभर ज्या शब्दाला मान द्यावासा वाटेल त्याला कॅपिटल देत सुटतो. आपल्या कचेऱ्यांमधलं इंग्रजी पाहा: 'ऑफिसर' मोठा, 'कमिटी' मोठी, 'मीटिंग'सुद्धा मोठी. ही मानापानाची सवय आधी सोडा, कारण तुमच्या प्रश्नाची निम्मी गुंतागुंत तिच्यातूनच आली आहे.

इंग्रजीत मोठं अक्षर एवढंच सांगतं की हा शब्द नाव म्हणून वापरला आहे. आपल्याकडे काळे, गोरे, पांढरे, हिरवे अशी आडनावं आहेत. गोरे आडनावाचे गृहस्थ चांगले सावळे असतात आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही, कारण तिथे तो शब्द कातडीचं वर्णन करत नसतो. 'ब्लॅक'चं तसंच आहे. छोट्या बीचा ब्लॅक हा रंग: शाईचा, कॉफीचा, मांजराचा. मोठ्या बीचा ब्लॅक हे एका समाजाचं नाव. आफ्रिकेतून धरून नेलेल्या लोकांच्या ज्या वंशजांना गुलामगिरीत आपापल्या जमातीची, गावांची, भाषांची नावं राखता आली नाहीत, त्यांनी पुढे स्वतःसाठी घेतलेलं. त्या समाजातल्या एखाद्याची कांती आपल्या चित्पावनाहून उजळ असली तरी तो ब्लॅकच, मोठ्या बीने.

हे 2020 साली कुणाला अचानक सुचलं असं समजू नका. कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी 1899 मध्ये फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा समाजशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा 'नीग्रो' हा त्या काळचा रूढ शब्द सर्रास छोट्या एनने छापत. डू बॉइस यांनी तळटीप घातली: मी हा शब्द मोठ्या अक्षराने लिहिणार, कारण ऐंशी लाख अमेरिकनांचा एका मोठ्या अक्षरावर हक्क आहे असं मला वाटतं. त्या एनसाठी पुढे तीस वर्षं आग्रह धरावा लागला. मार्च 1930 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने तो मान्य केला आणि संपादकीयात लिहिलं की हा नुसता छपाईतला बदल नाही, पिढ्यान्‌पिढ्या 'लोअर केस'मध्ये राहिलेल्यांच्या स्वाभिमानाची ही दखल आहे. छापखान्यात छोट्या अक्षरांचे खिळे खालच्या पेटीत ठेवत, त्यावरून ही कोटी.

साठच्या दशकात मात्र मिळवलेलं हातचं गेलं. 1966 मध्ये 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा गाजली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पार्टी काढली, आणि नव्या पिढीने 'नीग्रो' टाकून 'ब्लॅक' उचलला. मोठ्या वर्तमानपत्रांनीही तो उचलला, पण छोट्या बीने. तीस वर्षं भांडून मिळालेलं अक्षर शब्द बदलताच परत घेतलं गेलं आणि पन्नासेक वर्षं तसंच राहिलं. 1988 मध्ये कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन अमेरिकन'चा आग्रह धरला. त्यात खंडाचं आणि देशाचं नाव असल्यामुळे मोठ्या अक्षराचा वादच नव्हता. पण लंडनमध्ये जन्मलेल्या किंवा जमैकाहून आलेल्या माणसाला तो शब्द लागू होत नाही, म्हणून 'ब्लॅक'ची गरज उरलीच. मे 2020 मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइड यांची पोलिसाने हत्या केली. त्यानंतरच्या आंदोलनात, 19 जूनला असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेने आणि 30 जूनला न्यूयॉर्क टाइम्सने मोठा बी जाहीर केला. मूळ रहिवासी या अर्थाच्या 'इंडिजिनस'चा आयही एपीने त्याच वेळी मोठा केला.

तुमच्या निबंधात हा इतिहास तळटिपेत तरी यावा असं मला वाटतं. 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांनी ज्यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या नीग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली, ते हेच डू बॉइस. त्या पत्रात 'नीग्रो'चा एन मोठा आहे आणि 'अनटचेबल्स'चा यूसुद्धा. दोन्ही समाजांचे अभ्यासक नेते एकमेकांना लिहिताना आपापल्या लोकांचं नाव नाव म्हणूनच लिहीत होते.

आता 'व्हाइट'. इथे जाणकारांमध्येच दोन तट आहेत, त्यामुळे तुम्हाला एकच बरोबर उत्तर मी देणार नाही. एपीने 20 जुलै 2020 रोजी सांगितलं की व्हाइट छोटाच राहील. त्यांची कारणं दोन. गोऱ्या लोकांचा सर्वांचा मिळून एक इतिहास, एक संस्कृती, कातडीवरून सोसलेला एक अनुभव असा नाही; आयरिश, इटालियन, पोलिश ही त्यांची नावं त्यांच्याकडे आहेत आणि ती मोठ्या अक्षरानेच लिहितात. दुसरं, गौरवर्णाचं श्रेष्ठत्व मानणाऱ्या संघटना मुद्दाम मोठा डब्ल्यू वापरतात, त्यांच्या रांगेत उभं राहायचं नाही. याच्या विरुद्ध बाजूला कृष्णवर्णीय पत्रकारांची अमेरिकेतली राष्ट्रीय संघटना आहे. तिने जून 2020 मध्येच सांगितलं की रंगाचा शब्द वंश सांगण्यासाठी आला तर तो मोठा, मग ब्लॅक असो, व्हाइट असो, ब्राउन असो. वॉशिंग्टन पोस्ट आणि सीएनएन दोन्ही शब्द मोठे करतात. इतिहासकार नेल अर्विन पेंटर आणि तत्त्वज्ञ क्वामे अँथनी अपिया यांनीही मोठ्या डब्ल्यूची बाजू मांडली. छोटा ठेवलात तर गोरेपणा ही जणू माणसाची मूळ, बिननावाची अवस्था ठरते आणि वंश काय तो इतरांनाच असतो, असा त्या युक्तिवादाचा सूर.

मला पेंटर यांच्या बाजूचं म्हणणं जास्त पटतं. पण माझं पटणं तुमच्या निबंधाच्या उपयोगाचं नाही. तुम्ही ज्या घरी पाहुण्या म्हणून जाताय तिथली रीत विचारा. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची एपीए पद्धत, 2019 ची सातवी आवृत्ती, दोन्ही शब्द मोठे करते. शिकागो मॅन्युअल हे अमेरिकेतलं लेखन-संपादनाचं नियमपुस्तक 2020 पासून मोठ्या बीकडे झुकलं आणि व्हाइटबद्दल लेखकाला मोकळीक देतं. तुमच्या कॉपी-एडिटरने केलेल्या खुणा एपीच्या धोरणाशी जुळतात. नियतकालिकाने दोन्ही चालतील म्हटलं तर एक सांगते: पाहणीचे तक्ते असतील तर दोन्ही मोठे ठेवा. एका स्तंभाला मोठं आणि शेजारच्याला छोटं अक्षर डोळ्याला विचित्र दिसतं आणि तिथे दोन्ही शब्द एका प्रश्नावलीतले पर्यायच असतात. सलग कथनात छोटा डब्ल्यू चालून जातो. पक्षपाताचा प्रश्न कुणी परिसंवादात विचारलाच तर वरची दोन्ही कारणं सांगा; ज्याला ती पटत नाहीत त्याच्यासाठी मोठा डब्ल्यू छापणारी वर्तमानपत्रं आहेत.

'व्हाइट'चा पेच टाळायला 'कॉकेशियन' वापरू नका. मराठी लेखकांना तो शब्द शास्त्रीय वाटतो, कारण त्याचा सी मोठा. ब्लूमेनबाख या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 1795 मध्ये कॉकेशस पर्वतावरून आलेला तो शब्द रूढ केला, आणि त्यामागचं वंशशास्त्र केव्हाच मोडीत निघालंय. आपला त्याच्याशी फार जवळचा संबंध आला होता. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात राहिलेले भगतसिंग थिंद नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कायद्यात 'फ्री व्हाइट पर्सन' होतं. थिंद यांचं म्हणणं, उत्तर भारतीय उच्चवर्णीय म्हणून मी कॉकेशियन, म्हणून व्हाइट. फेब्रुवारी 1923 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की सामान्य माणूस ज्याला व्हाइट म्हणतो तो व्हाइट, आणि थिंद ते नाहीत. थिंद शीख होते, पण निकालात ते हिंदू. 1920 ते 1940 या तीन अमेरिकन जनगणनांमध्येही सगळे भारतीय 'हिंदू' या वंशाखाली मोजले. एच मोठा, अर्थ चुकीचा. मोठ्या अक्षराने शब्द खरा होत नाही.

'ब्राउन' लवकर उरकते. एपीच्या मते छोटा, आणि शक्यतो टाळावा, कारण त्यात नक्की कोण ते कळत नाही. अमेरिकेत वाढलेली आपली मुलं स्वतःबद्दल तो आवडीने वापरतात. त्यांच्या मुलाखती असतील तर त्यांना विचारा. नाहीतर सरळ मराठी, भारतीय, दक्षिण आशियाई लिहा. 'पीपल ऑफ कलर' पूर्ण छोट्या अक्षरांत. 'ब्लॅक्स', 'व्हाइट्स' अशी अनेकवचनी नामं कापा आणि पुढे 'पीपल', 'वर्कर्स', 'व्होटर्स' जोडा. आफ्रिकन आणि अमेरिकन यांच्यामधली जोडरेघ एपीने 2019 मध्ये काढली, तीही काढून टाका.

तुमच्या विषयाला खरी मदत दक्षिण आफ्रिकेची आणि ब्रिटनची होईल. दक्षिण आफ्रिकेतले वर्णद्वेषविरोधी नेते स्टीव्ह बिको आणि त्यांच्या विद्यार्थी संघटनेने सत्तरच्या सुमारास 'ब्लॅक'ची व्याख्या अशी केली की कायद्याने किंवा परंपरेने ज्यांना समूह म्हणून दडपलं आणि जे लढ्यात स्वतःला एक मानतात ते सगळे ब्लॅक. त्यात आफ्रिकन, तिथले भारतीय आणि 'कलर्ड' तिघेही आले. हा 'कलर्ड' दक्षिण आफ्रिकेत मिश्र वारशाच्या एका समाजाचं नाव आहे, तिथल्या जनगणनेतही आहे, सी मोठा. अमेरिकेत तोच शब्द आज अपमानकारक आहे आणि 1909 च्या एनएएसीपीसारख्या (नॅशनल असोसिएशन फॉर द अॅडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल) जुन्या संस्थेच्या नावातच काय तो उरलाय. लंडनमध्ये 1979 साली स्थापन झालेल्या साउथॉल ब्लॅक सिस्टर्समध्ये दक्षिण आशियाई आणि आफ्रिकी-कॅरिबियन बायका एकत्र होत्या. असा राजकीय 'ब्लॅक' छोट्या बीने लिहिला तर वाचक कातडीकडे बघायला जाईल आणि फसेल. दलित पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्यातला 'दलित' याच प्रकारचा शब्द आहे. अनुसूचित जाती, जमाती, नवबौद्ध, श्रमिक, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, धर्माच्या नावाने पिळले गेलेले सगळेच त्यात मोजलेत. म्हणून तिथेही डी मोठा, आणि पहिल्या वापराशी एक वाक्य: इथे ही व्याख्या घेतली आहे.

आता जिथे तुमच्या कॉपी-एडिटरने बी छोटाच ठेवला त्या जागा. एक तर 'ब्लॅक मनी' आहे, ते उघड आहे. दुसरी जागा फसवी आहे. राजा ढाले यांचा 15 ऑगस्ट 1972 च्या 'साधने'तला 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख. इंग्रजीत शीर्षक म्हणून देताना त्यातले शब्द शीर्षकाच्या नियमाने मोठे होतील. पण पुढच्या परिच्छेदात तुम्ही 'स्वातंत्र्य दलितांसाठी काळा दिवस ठरला' असं लिहिता, तिथे काळा म्हणजे निषेधाचा, शोकाचा. बी छोटा. पँथरवरच्या लेखात तो मोठा केला तर अमेरिकन वाचक त्यात वंश शोधेल. याउलट बेळगावात 1 नोव्हेंबरला मराठी भाषक दरवर्षी पाळतात तो काळा दिन हे ठरलेल्या पाळण्याचं नाव झालंय, तिथे दोन्ही शब्द मोठे चालतील. झेंड्याचा निळा, पक्षाचा भगवा, हे कितीही अर्थाने भरलेले असले तरी छोटेच. रंगाच्या नावात ठिकाणाचं नाव असेल तर तेवढंच मोठं: प्रशियन ब्लूचा पी मोठा, बी छोटा. क्रेयोला कंपनीने 'इंडियन रेड' या खडूचं नाव 1999 मध्ये बदलून 'चेस्टनट' केलं. मूळ नाव भारतातल्या तांबड्या मातीच्या रंगावरून, पण अमेरिकेतल्या मुलांना तो मूळ रहिवाशांच्या कातडीचा रंग वाटे.

भारतीय शब्दांना आपल्याकडे एक सर्वमान्य नियमपुस्तक नाही, आणि इथेच तुमचं काम जास्त आहे. जातीचं, जमातीचं नाव मोठं: महार, मांग, कुणबी, धनगर, कोळी, मराठा, ब्राह्मण. धंदा छोटा. त्यामुळे कुंभार जातीचा माणूस म्हणायचं असेल तर के मोठा. मडकी घडवणारा एवढंच म्हणायचं असेल तर इंग्रजी 'पॉटर' लिहा, छोट्या पीने, म्हणजे संशय नको. पाटील आडनाव मोठं, गावचा पाटील छोटा. 'मराठा'ला मोठ्या अक्षराने काही मदत होत नाही, कारण जात, अठराव्या शतकातली सत्ता आणि जुन्या इंग्रजी कागदांतला सरसकट मराठी माणूस, तिन्ही मोठ्या एमनेच येतात. तिथे शब्द वाढवून सांगावं लागतं. मुंबई-वसईचे ईस्ट इंडियन मात्र मोठ्या अक्षरावर जगतात. 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, इथल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांनी हे नाव घेतलं. ईस्टचा ई छोटा केलात की ते थेट बंगाल-ओडिशात जाऊन पडतात.

'दलित' आणि 'आदिवासी' दोन्ही मोठे करा. जुनी इंग्रजी नियतकालिकं ते परभाषेतले शब्द म्हणून तिरप्या टायपात, छोट्या अक्षराने छापत. आता ते इंग्रजीतलेच शब्द आहेत, तिरपे करू नका. 'बहुजन' समाजाचं घेतलेलं नाव म्हणून मी मोठा करते. 'सवर्ण' छोटा ठेवते, कारण ते एका समाजाचं नाव नसून वर्णव्यवस्थेतली जागा आहे. त्यात ब्राह्मण, मराठा, कायस्थ अशी मोठ्या अक्षरांची नावं आधीच आहेत. हा एपीच्या छोट्या डब्ल्यूसारखाच युक्तिवाद झाला हे मला माहीत आहे, आणि व्हाइटच्या बाबतीत मी पेंटर यांच्या बाजूने बोलले हेही. तुम्हाला सुसंगत राहायचं असेल तर दोन्ही मोठे करा किंवा दोन्ही छोटे. तुलनात्मक निबंधात तेच शहाणपणाचं. 'अप्पर कास्ट', 'डॉमिनंट कास्ट' छोटे. राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात 'शेड्यूल्ड कास्ट्स' आणि 'शेड्यूल्ड ट्राइब्ज' मोठे आहेत, कारण कलम 341 आणि 342 खाली त्यांच्या याद्या जाहीर होतात; कलम 15 आणि 16 मधले 'बॅकवर्ड क्लासेस' छोटे आहेत, कारण ते वर्णन आहे. मी घटनेप्रमाणेच जाते. ओबीसी हे लघुरूप तेवढं मोठं.

उद्धृतं हात न लावता ठेवा. 1890 चा लेखक छोट्या एनने लिहीत असेल तर त्याचा एन मोठा करणं म्हणजे पुरावा पुसणं. घटनेच्या सतराव्या कलमात 'अनटचेबिलिटी' वाक्याच्या मध्येही मोठ्या यूने आणि अवतरणचिन्हांत येते, तीही तशीच. तोंडी मुलाखतीला ही अडचण नाही, बोलण्यात कॅपिटल नसतात, तिथे तुमची पद्धत लावा. मराठीतून तुम्ही स्वतः भाषांतर केलेल्या ओळींनाही तेच: नामदेव ढसाळांच्या पिढीच्या लेखनात 'काळ्यांचा लढा' आला तर बी मोठा, कारण तिथे ऑकलंड-हार्लेमचे लोक अभिप्रेत आहेत.

प्रत्यक्ष दुरुस्ती करताना 'रिप्लेस ऑल'ला हात लावू नका, नाहीतर ब्लॅकबोर्डही वंशाचा होईल. एकेक जागा शोधा, 'मॅच केस' चालू ठेवून. बाजूला एका पानावर स्टाइल शीट करा: शब्द, मोठा की छोटा, नाम की विशेषण, जोडरेघ कुठे. 'अप्पर कास्ट' नाम असताना सुटं, विशेषण असताना जोडरेघेने, असल्या बारीक गोष्टी तिथेच ठरतात. निबंधासोबत ते पान संपादकांना पाठवलं की पुढचा पत्रव्यवहार निम्मा होतो.

संदर्भसूची सर्वांत शेवटी घ्या. एपीए पद्धतीत पुस्तकांची शीर्षकं वाक्यासारखी, पहिलं अक्षर आणि नावंच मोठी, अशी उतरवावी लागतात. मूळ मुखपृष्ठावर सगळेच शब्द मोठे असल्यामुळे 'ब्लॅक' मोठा ठेवायचा की छोटा हे तिथून कळत नाही. तुमच्या निबंधातली पद्धत लावून मोकळ्या व्हा. ग्रंथालयाच्या संगणकाला शोधताना अक्षराच्या आकाराने फरक पडत नाही, तेव्हा त्यावर संध्याकाळ घालवू नका.